तिच्यासमोर मराठीत

आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत एक सोय फार जुनी आहे. समोर बसलेल्या तमिळ माणसाबद्दलच काही बोलायचं असलं, की मराठीत बोलायचं. भाजीवालीचा भाव, पाहुण्याचा मुक्काम, सगळं त्यांच्या तोंडावर. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

मी पापनाशमच्या शाळेत इतिहास शिकवायचो. तिथे तमिळ शिकवणारी एक टीचर आणि मी, आम्ही पट्टीमंड्रममध्ये जोडीनं बोलायचो. पट्टीमंड्रम म्हणजे पोंगलला मांडव घालून होणारा जाहीर वादविवाद. दोन बाजू, मधे निवाडा देणारा नडुवर, समोर शेंगदाणे खात बसलेला गाव. तिचा आवाज असा, की कडेला मोपेडवर बसून ऐकणारे इंजिन बंद करायचे. कार्यक्रमांना जाताना बसमध्येही आम्ही भांडायचो, मुद्दाम, सरावासाठी. बाहेर भाताची शेतं सरकत असायची आणि कंडक्टर कोण जिंकलं ते सांगायचा. तो प्रवास मला अजून रोज आठवतो.

रविवारी ती आमच्या घरी मुद्दे लिहायला येई. आई कॉफी देताना मराठीत म्हणे, "हिला गोड जास्त लागतं, पण मागायची नाही." ती हसायची. मला वाटायचं, उगीच हसते.

आमच्या जोडीच्या पाचव्या वर्षी विषय होता, रंगावरून आणि बाई म्हणून होणारा भेदभाव अजून उरला आहे का. आम्ही 'उरला आहे' या बाजूनं बोलणार होतो. केबल टीव्हीवाले यायचे होते. माझे भावोजी, बहिणीचे यजमान, उत्सव समितीत होते. रविवारी ते आले, ती समोर वही घेऊन बसलेली, आणि ते मराठीत म्हणाले, "ही टीव्हीवर दिसायची कशी रे? रंग बघ. त्यात बाईमाणूस, आणि एवढा चढा आवाज. आमच्या पोरीला घे. गोरी आहे, पाठ करून म्हणेल."

मी म्हणालो, "खरं आहे. सांगतो हिला काहीतरी."

तमिळमध्ये तिला सांगितलं, या वर्षी फक्त तंजावूरचेच वक्ते घ्यायचे, असं समितीनं ठरवलंय.

"सरि, सार," ठीक आहे सर, एवढंच ती म्हणाली आणि वही माझ्याकडे सरकवली. "तिसरं पान आधी घ्या. लोक तिथे गप्प होतील."

लोक गप्प झाले. भावोजींची मुलगी आणि मी जिंकलो. ती आईशेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

पुढे मी तंजावूरला बदली मागून घेतली. कारण घर जवळ, असं अर्जात लिहिलं होतं.

गेल्या वर्षी आई गेली. टीचर भेटायला आली. माझी मुलगी मराठीला तमिळमध्येच उत्तर देते, तिच्या पाठीवर हात ठेवून टीचर म्हणाली, "रडूं नको, बाळ. थोडी कॉफी पी." स्वच्छ, अगदी आईच्या वळणाची मराठी.

मी विचारलं, "तुम्हाला मराठी कधीपासून येते?"

"तुमच्याकडे येऊ लागले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून, सार. बोलायला जमत नव्हतं. कळायचं सगळं."

या पोंगलला समितीनं मला नडुवर व्हायला सांगितलं. मी पापनाशमला तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, त्या खुर्चीवर तुम्ही बसा.

"टीव्हीवाले आहेत?"

"आहेत."

"समितीला विचारलंत?"

"नाही अजून."

"मग आता विचारा. माझ्यासमोर. आणि तमिळमध्ये."

मी समितीच्या सेक्रेटरींना फोन लावला. नीट ऐकू यावं म्हणून तिनं उठून पंखा बंद केला. तिचं नाव सुचवण्याआधी, आधीच्या वेळी ते का गाळलं होतं, ते मी सांगितलं. भावोजींचं वाक्य आणि त्यावरचं माझं. मग नडुवर म्हणून तिचं नाव सुचवलं. सेक्रेटरी म्हणाले, "टीचरना फोन द्या."

मी दिला.