पाकळी पडेना

काशीराम गुरवाने आयुष्यभर दोन कामं मनापासून केली: देवाची पूजा, आणि देवळाखालच्या कोंडातल्या माशांना भात घालणं. नदीतल्या त्या खोल डोहातले मासे देवाचे. ते कुणी पकडत नाही, खाणं तर दूरच. एखादा मेला की गुरवाने तो फडक्यात गुंडाळून काठावर पुरायचा, ही वहिवाट. यंदाच्या वैशाखात घरातली फडकीही संपली, आणि बायकोने शेवटी आपलं जुनं लुगडं फाडून दिलं.

घात केला तो खालच्या अंगाच्या बंधाऱ्याने. बागा भिजतील म्हणून गावाने तो मोठ्या हौसेने घालून घेतला होता. बागा कोरड्या त्या कोरड्याच राहिल्या, गाळ मात्र साठला आणि वाहतं पाणी थांबलं. कोंडातलं पाणी हिरवंगार, बुळबुळीत झालं. मासे वर येऊन तोंडं उघडीत. काशीरामला ते बघवत नसे.

इंजिनीअर नम्रता मॅडम स्वतः गाळ उपसायचं मशीन घेऊन आल्या. "बंधाऱ्याचं तोंड आज मोकळं केलं तर मासे खालच्या थंड पाण्यात उतरतील. उद्या मशीन दुसऱ्या तालुक्यात जाणार, मग पावसाळ्यानंतरच. गावाने फक्त हो म्हणावं."

गावाने हो म्हणावं! हे गाव आधी देवाला विचारतं. "बांदताना कौल घेतला व्हता, तोडताना नको?" गावचे मानकरी, गावकर आत्मारामदादा म्हणाले. काशीरामलाही ते पटलं. उलट तो खूश झाला. देव आपल्याच माशांना नाही कसा म्हणेल?

रिवाजाप्रमाणे कोंडाचं पाणी आणून त्याने देवाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणं घातलं, मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि सगळे बघत बसले. एकही पाकळी पडेना. ऊन कललं. मशीनचा ड्रायव्हर फणसाखाली झोपून उठला. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

काशीरामने कपाळाला लावायला तांब्यातल्या कोंडाच्या पाण्यात बोटं बुडवली. बोटांमध्ये भेंडी चिरल्यासारखी तार आली.

"दादा, ह्ये पानी चिकाट हाय! पाकळी पडनार कशी? इहिरीच्या पान्यानं परत लावू या."

"कौल कोंडाच्याच पान्यानं लावायचा," आत्मारामदादा म्हणाले. "तू गुरव ना रं? द्येवाला दोनदा इचारतोस?"

"आरं, आपनच त्याच्या तोंडावर शेवाळ थापलंय, तो बोलंल कसा?"

मंडळींनी माना खाली घातल्या आणि तशाच घरी नेल्या. देव गप्प राहिला, विषय संपला.

मॅडमनी ड्रायव्हरला हात केला. काशीराम मशीनच्या मागे धावत सुटला. "मॅडम, मी हो म्हनतो! मी गुरव हाय द्येवाचा!"

"तुम्ही एकट्याने म्हणून चालत नाही हो, काका." त्यांचाही चेहरा पडला होता.

मशीन चढणीला लागलं. काशीराम धापा टाकीत देवळात परतला, थेट गाभाऱ्यात शिरला. कौल लावणाऱ्याने पाकळीला हात लावायचा नसतो. त्याच्या बापाने लावला नव्हता, आज्याने लावला नव्हता. त्याने डोळे मिटले, उजव्या पाकळीखाली नख घातलं आणि ती उपटून काढली.

"पडली! उजवी पडली!" बोंबलत तो बाहेर आला.

अंगण रिकामं होतं. फक्त म्हातारी सोनूबाई प्रसादासाठी पायरीवर बसून राहिली होती. तिने घाईघाईने हात जोडले. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

"पावला गो बाय, पावला! वाचली पोरं त्याची." मग तिने इकडेतिकडे पाहिलं. "काशीराम, पन मशीन कुठं दिसंना ते?"