तात्या पंगतीला बसतात

आमचे माधवतात्या समुद्रात, जहाजावर, कोट घालून जेवायला बसले. ही हकीकत एखाद्या लिहिणाऱ्या माणसाने सांगायला हवी होती. पण त्या टेबलावर लिहिणारा कुणी नव्हता, मी होतो. आठवलं की अजून अंगावर शहारा येतो, म्हणून जमेल तसं लिहितो.

तात्या म्हणजे माझी बहीण यशोदा, तिचे यजमान. गाव कऱ्हाटी. सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यात ऊस वजन करतात त्या काट्यावर त्यांची नोकरी झाली. पण काट्यावरचे म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. त्यांची ओळख वाढपी म्हणून. लग्न असो, बारसं असो, तात्या न बोलावता हजर. धोतराचा सोगा खोचायचा, आमटीची बादली उचलायची आणि पंगतीत शिरायचं. दोन ओळींमधून त्यांची चाल अशी की पाय कधी कुणाच्या पत्रावळीला लागला नाही. आग्रहाच्या बाबतीत मात्र दयामाया नाही. जेवणाऱ्याने पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले तरी बोटांच्या फटीतून जिलबी आत सोडायची, हे त्यांचं कसब. ते लांबून येताना दिसले की लोक हसत हसत एकमेकांना सावध करायचे.

स्वतः मात्र शेवटच्या पंगतीला. आमच्याकडे रीतच आहे, घरच्यांनी आणि वाढप्यांनी सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. परगावी ही अडचण व्हायची. पाहुण्याने बादली धरली तर यजमानाला कमीपणा येतो, म्हणून तिथे वाढता येत नाही. आणि दुसरे वाढत असताना बसून राहणं तात्यांना जमत नाही. मग ते अक्षता टाकून, काहीतरी निमित्त सांगून उपाशीच परत यायचे आणि घरी भाकरी खायचे.

आसावरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नात दिवसभर पंगती उठत होत्या. निघायच्या आधी ती शालू सावरत मांडवामागे वडिलांना शोधत गेली. तात्या चुलवणापाशी एका उपड्या पातेल्यावर बसून गार भात आणि आमटी खात होते. जिलबी संपली होती.  आपल्या लग्नाची जिलबी तात्यांनी खाल्ली नाही, हे ती अजूनही बोलून दाखवते. आता ती जळोचीला राहते, बारामतीत बँकेत आहे. एकदा तरी तात्यांनी पहिल्या पंगतीला बसावं, कुणीतरी त्यांना वाढावं आणि आपण समोर बसून बघावं, एवढीच तिची इच्छा. गावात ते होणार नाही हे तिला पक्कं कळलं होतं. म्हणून तिने अशी जागा शोधली जिथून तात्यांना घरी भाकरी खायला पळता येणार नाही.

मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन परत येणारं जहाज. तात्या, यशोदा, आसावरी आणि मी. जावयांना रजा मिळाली नाही, म्हणून त्यांच्या जागी माझा नंबर लागला. मला तर महिनाभर नीट झोप आली नाही.

आसावरीने मोबाइलवर जहाजाचे नियम वाचून दाखवले. वरच्या मजल्यावर एक जेवणघर. तिथे साध्या कपड्यांत केव्हाही जावं, आपल्या हाताने घ्यावं, कुठेही बसावं. खाली एक मोठं दालन. तिथे आपण टेबलाशी बसायचं आणि ते आणून वाढणार. त्या दालनात एका संध्याकाळी खास भोजन असतं. त्या दिवशी हाफ पँट, चप्पल चालणार नाही. पुरुषांनी सूट घालावा नाहीतर आपला पारंपरिक पोशाख.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते शांतपणे म्हणाले, "मग झालं की. तुमी खाली जावा. मी वर खातो."

 पुढच्या रविवारी आसावरीने आम्हाला गाडीत घातलं आणि इंदापूरला इमामभाईंच्या दुकानात नेलं. इमामभाई आमच्या घराचे जुने शिंपी. तिने सूट म्हटल्यावर त्यांनी तात्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"विजार मी शिवणार न्हाय," ते म्हणाले. "विजारीत हा माणूस खुर्चीवर बसला तर उठायच्या तयारीतच बसंल. धोतर असू द्या. त्याच्यावर बंद गळ्याचा काळा कोट शिवतो. वर टोपी. पयलं पोरीचं बाप असंच जायचं की लग्नाला."

तात्यांनी माप दिलं, पण बळीच्या बकऱ्यासारखं तोंड करून. कोट झाला तो मात्र बघत राहावा असा. तात्यांनी तो एकदाच अंगावर चढवला, आरशात स्वतःला पाहिलं आणि ते कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखे पटकन बाजूला झाले.

मुंबईच्या बंदरात जहाज पाहिलं. आमच्या कारखान्याची चिमणी आडवी घातली असती तर त्याच्या एका कडेला मावली असती. मजल्यावर मजले, आत दुकानं, दिवे, गालिचे. यशोदा प्रत्येक दारापाशी चपला काढत होती आणि आसावरी प्रत्येक वेळी त्या परत घालायला लावत होती. जहाज हललं तेव्हा आम्ही कठड्याशी उभे होतो. किनारा मागे सरकायला लागला आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो. तात्यांनी विचारलं, "हितं एवढ्या लोकांचा सैपाक कुठं करतात?"

दुपारी आम्ही वरच्या जेवणघरात गेलो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पदार्थच पदार्थ. डोसे, नूडल्स, पाव, तऱ्हेतऱ्हेची कोशिंबीर, मधे वरण-भातही. कुणी बर्म्युड्यात, कुणी पोहून आलेलं, टॉवेल खांद्यावर. मी कुठून सुरुवात करावी या विचारात ताट घेऊन उभा राहिलो. मागे वळून पाहतो तर तात्या जागेवर नाहीत.

ते वरणापाशी उभे होते. पलीकडच्या बाजूला, म्हणजे वाढणाऱ्यांच्या. सोगा खोचलेला, हातात डाव.

नंतर त्यांनी सांगितलं ते असं. एक म्हातारी बाई एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने ताट सांभाळत स्वतःच्या हाताने वाढून घेत होती. पंगतीत माणसाने स्वतः वाढून घ्यावं, याचा अर्थ वाढपी कमी पडले, असा त्यांचा हिशोब. एवढं मोठं कार्य काढलंय आणि वाढायला माणसं नाहीत, म्हणून ते यजमानाची अब्रू सांभाळायला धावले होते.

आणि लोकांना वाटलं हा जहाजाचाच खास माणूस आहे. धोतर, टोपी, पिकल्या मिशा. वरणासमोर बघता बघता रांग लागली. एका गुजराती बाईंनी नको म्हणून हात आडवा केला, तर तात्यांनी तो हळूच बाजूला सारून भातावर वरण घातलंच. "घ्या वो, पोटभर घ्या. काय कमी न्हाय." पोरं फोटो काढत होती. आसावरीने कपाळाला हात लावला. यशोदा हसत हसत खाली बसली.

तेवढ्यात काळ्या कोटातला एक गृहस्थ आला. जेवणघरांवर देखरेख करणारा, पन्नाशीचा, छातीवर नाव लिहिलेलं, मुबीन. मूळचा दापोलीचा निघाला, मराठी आमच्यापेक्षा गोड. त्याने हसून सांगितलं की इथे हातमोजे आणि डोक्यावर टोपी असल्याशिवाय वाढता येत नाही.

"टोपी हाय की माज्या डोक्यावर," तात्या म्हणाले. "मोजं द्या."

रांगेतले लोकही हसले. मुबीनही हसला, पण त्याने धरलेला डाव सोडला नाही. एक टोक तात्यांच्या हातात, दुसरं त्याच्या. मग त्याने अगदी हळू विचारलं, "बाबा, तुमच्या गावात पाहुण्याने वाढलेलं चालतं?"

 कऱ्हाटीत कितीतरी पाहुण्यांच्या हातातून तात्यांनीच ओगराळं काढून घेतलं होतं.

"न्हाय चालत," ते म्हणाले.

"मग हे जहाज माझं गाव. उद्या संध्याकाळी खाली माझ्या पंगतीला या."

तात्यांनी डाव सोडला. उद्या येतो असं मात्र म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोल्यांत लग्नघराची गडबड. आसावरीने पैठणी नेसली, यशोदेने ठेवणीतलं हिरवं लुगडं. माझ्यासाठी जावयांचा टाय होता, तो आसावरीने मला बांधला आणि मी मान वळवायचं सोडून दिलं. तात्या पलंगाच्या कडेला बसून होते. अंगात सदरा, धोतराचा काठ वरणाने पिवळा झालेला.

आसावरीने त्यांची बॅग उघडली. कोट नव्हता. तिने सगळे कपडे बाहेर काढले, बॅग उलटी केली. तात्या खिडकीतून पाण्याकडे पाहत होते.

"ऱ्हायला वाटतं घरी," ते म्हणाले. "दाराच्या मागं. जाऊ दे. वर जाऊ आपण. वर कोट लागत न्हाय."

आसावरी तशीच खाली बसली. पैठणीच्या निऱ्या विसकटल्या, तिला भान नव्हतं. मला तिचा शालूतला चेहरा आठवला. तात्यांनीही तो पाहिला असावा, कारण त्यांनी खिडकीकडची नजर काढून चपलांकडे लावली.

यशोदा उठली. आपल्या बॅगेतल्या लुगड्यांच्या खालून तिने इस्त्री न मोडलेला काळा कोट काढला, त्याच्या खालून धुतलेलं धोतर, आणि दोन्ही त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"दाराच्या मागं व्हता खरा. निघताना मीच घेतला," ती म्हणाली. "तुमच्यासंगं जल्म काढलाय मी. लग्नाच्या गावास्नं उपाशी येणारा माणूस कोट कुठं इसरतो, ते मला कळत न्हाय व्हय? हितनं भाकरीला घरी जायाचं तर पवत जावं लागंल. घाला गुमान."

आम्ही तिघं बाहेर थांबलो. दार उघडलं तेव्हा कोट, पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि पायात जावयांचे काळे बूट. आसावरी नुसती पाहत राहिली.

आम्ही खालच्या दालनात शिरलो. झुंबरं, पांढरी टेबलं, सुटाबुटातली माणसं, झगमगीत साड्या, कुठेतरी पेटी वाजत होती. दारात मुबीन उभा होता. त्याने तात्यांना पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. लोक वळून पाहायला लागले. कालचा वरणवाला त्यांनी ओळखला होता. त्या गुजराती बाईंनी लांबून हात जोडले.

तात्या बसले, पण खुर्चीच्या कडेवर. काटे-चमचे पाहिले, रुमाल पाहिला, आणि नजर गेली शेजारच्या टेबलाकडे. तिथल्या एका पोराचा पाण्याचा पेला रिकामा होता. तात्यांचे हात खुर्चीवर टेकले, ते अर्धे उठले. यशोदेने टेबलाखालून कोटाचं टोक धरून त्यांना परत बसवलं. पेला दुसऱ्याच कुणीतरी भरला. तात्यांनी ते नीट पाहिलं. मग आणखी एक पेला भरताना पाहिलं. वाढपी पुरेसे आहेत अशी खात्री झाल्यावर ते इंचभर मागे सरकले.

सूप आलं. आपल्या टेबलावर सगळ्यांना वाढून होईपर्यंत त्यांनी चमचा उचलला नाही. मग उचलला. आसावरीचं सूप गार झालं, ती बापाकडेच पाहत होती. ते जेवत होते. सावकाश, एकेक घास, जसं काही पुढे काहीच काम नाही. भाजी आली, पुलाव आला, मासे आले. मुबीन स्वतः वाढत होता आणि तात्या त्याच्या हाताकडे बारकाईने बघत होते. एकदा मला हळूच म्हणाले, "हात हलका हाय गड्याचा."

शेवटी जिलबी आली. गरम, केशरी. दोन खाल्ल्यावर तात्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "बास. बास आता."

मुबीन थांबला. आसावरी म्हणाली, "मुबीनदादा, ऐकू नका त्यांचं. त्यांनी आजवर कुणाचं ऐकलं नाही."

तात्यांनी हात आणखी घट्ट केले. मुबीन एका बाजूने वाकला, ते तिकडे सरकले. तो दुसऱ्या बाजूने आला आणि बोटांच्या फटीतून जिलबी बरोबर ताटात पडली. यशोदा तोंडाला पदर लावून हसत होती. तात्यांनी त्या जिलबीकडे पाहिलं, मुबीनकडे पाहिलं, आणि ती खाल्ली. डोळे मिटून खाल्ली.

"तुमचं जेवाण कवा?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं झाल्यावर," मुबीन म्हणाला.

"जिलबी ठेवा बाजूला. संपती." तात्यांनी बजावलं.

हळूहळू लोक उठायला लागले, कुणी नाचगाणी पाहायला, कुणी डेकवर. पंगत मोडून असं मधेच उठणं तात्यांना मुळीच पसंत पडलं नाही. सगळे जेवल्याशिवाय उठायचं नसतं, म्हणून ते बसून राहिले. टेबलं रिकामी झाली, पांढरी कापडं निघाली. वाढपी आम्हाला चुकवून झाडू फिरवायला लागले. शेवटी संकोचून आसावरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, आता आपणच उरलो, उठू या.

तात्यांनी पाठ खुर्चीला पुरती टेकवली.

"थांब की गं जरा," ते म्हणाले. "आत्ता कुठं बसलोय."