कमळाकाकूंची अकरा मिनिटं

कमळाकाकू हेदवीकडच्या. नवरा आयुष्यभर मुंबईला नोकरीला, त्यामुळे त्यांचा निम्मा संसार फोनवर झाला. दर रविवारी एसटीडी बूथवर जाऊन रांगेत उभं राहायचं आणि तीन मिनिटांत घरचं सगळं सांगून त्याचंही ऐकायचं. तो नुसता 'हॅलो' म्हणाला तरी ताप आहे की राग आहे हे त्या ओळखायच्या. नवरा गेल्यावर त्या आमच्या शेजारी, रत्नागिरीत राहायला आल्या. मी मुंबईची नोकरी सोडून आंब्याच्या पेट्या फोनवरून विकायला लागलो, तेव्हा आईच म्हणाली, "काकूंना बसव फोनवर." बसवलं. तीन वर्षं झाली.

काकूंची पद्धत ठरलेली. आधी गिऱ्हाइकाचं गाव विचारायचं, मग घरात माणसं किती, मग आंबा कधी खायचाय. "रविवारी पाहुणे येणार? मग बुधवारी निघणारी पेटी घ्या, आजची आधीच पिकेल." आणि उन्हाचा तडाखा वाढला की सरळ सांगायच्या, "आता थांबा आठ दिवस. या उष्म्यात आत साका निघतो, वरून कळत नाय." साका म्हणजे गरात पांढरट, बेचव भाग. आता दुकानदाराने स्वतःच गिऱ्हाइकाला थांबवायचं म्हणजे काय? माझा संताप व्हायचा.

यंदा मी सगळे फोन रेकॉर्ड करून एआयला द्यायला लागलो. ते यंत्र सगळं ऐकून विश्लेषण करतं म्हणे. मोठ्या ऐटीत मी पहिला प्रश्न लिहिला: "आमच्या फोनवरच्या माणसांपैकी कोण सर्वांत जास्त वेळ वाया घालवतं? स्पष्ट सांग." त्याने स्पष्ट सांगितलं. फोनवर बसणारा दुसरा मुलगा रितेश, त्याचा फोन सरासरी चार मिनिटं, कमळाकाकूंचा अकरा. त्यातली सात मिनिटं अवांतर, म्हणजे गाव, गुडघेदुखी, सुनेचं बाळंतपण. शिवाय त्या ग्राहकाला खरेदीपासून परावृत्त करतात.

मला हवं होतं तेच आलं होतं. दुसऱ्या दिवशी मी काकूंना म्हटलं, "तुम्ही आता शेडमध्ये खोकी लावा. फोन मी आणि रितेश बघतो." त्यांनी कानाचा हेडफोन काढला, पदराने पुसला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मला तेव्हा बरंच वाटलं, हे आज लिहिताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मे महिना अर्धा झाला तरी जुनी गिऱ्हाइकं परत मागवीनात. पुण्याची माझी पुतणी मनस्वी सुट्टीला आली होती, ती एआयच्याच कामात असते. माझा प्रश्न वाचून ती हसायलाच लागली.

"काका, तू निकाल आधीच लावलायस आणि मग साक्षीदाराला बोलावतोयस. वेळ वाया जातो हे तूच ठरवलंस. मग ते बिचारं कोणाचं तरी नाव देणारच."

"मग काय विचारू?"

"तुला खरं काय कळायला हवंय ते विचार. आणि तुमचा धंदा काय, तुमच्याकडे 'थांबा' म्हणजे काय, हेही त्याला सांग. त्याला कुठून माहीत असणार?"

मग तिने मला समोर बसवून लिहायला लावलं. आम्ही आंबा विकतो, तो पिकायला दिवस लागतात, म्हणून कधी खाणार हे विचारणं कामाचंच आहे. जुनी गिऱ्हाइकं पुन्हा का येतात आणि यंदा का येत नाहीत, ते शोध. प्रत्येक मुद्द्याला बोलणाऱ्याचे मूळ शब्द आणि तारीख दे. मिळालं नाही तर नाही म्हण, अंदाज करू नकोस.

उत्तर आलं. पुन्हा फोन करणारे बहुतेक सगळे एकच सांगत होते. "त्या ताईंनी थांबायला सांगितलं, म्हणून विश्वास बसला." "आमच्या आईची चौकशी करतात हो." यंदा अकरा जणांनी पहिल्याच वाक्यात विचारलं होतं, "कमळाताई आहेत का?" आणि त्यापुढे, तारखेसकट, त्यांना मिळालेलं उत्तर: "त्या काम सोडून गेल्या." बोलणारा, सुजय.

मीच तो. अकराही वेळा. हाक मारली असती तर काकू दहा पावलांवर होत्या, पण पुन्हा गप्पा सुरू होतील म्हणून मी हे सोपं उत्तर शोधलं होतं. मनस्वी शेजारी बसून ते वाचत होती. तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

उठून शेडमध्ये गेलो. काकू खोक्यांना पट्टी चिकटवत होत्या.

"काकू, मी फोनवर काय सांगत होतो ते तुम्हाला ऐकू यायचं?"

"दार उघडंच असतं रे."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू सांगत होतास, मी काम सोडून गेले. गिऱ्हाइकासमोर तुला खोटा पाडू काय मी?"

"चुकलो, काकू," एवढंच जमलं मला. त्यांनी मान हलवली आणि पट्टी तोडली.

तेवढ्यात फोन वाजला. मी आत धावलो. दादरच्या जुन्या बाई होत्या, त्या अकरातल्याच. "थांबा, देतो," म्हणत मी काकूंना आणलं आणि हेडफोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी हात पुसले.

"हो, मीच," काकू म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "नाय हो, सुजयने नाय काढलंन मला. माझंच माहेरी काम निघालं होतं, मीच सोडून गेलेले. तुमच्या आईचा गुडघा कसा आहे?"

रेकॉर्डिंग चालूच होतं. तीन वर्षांत काकू गिऱ्हाइकाशी खोटं बोलल्या ते एवढंच, आणि तेही माझ्यासाठी.