उतारावर चावी बंद

ऑटो कंपनीच्या माणसानं लॅपटॉप मिटला आणि निकाल दिला, "बॅटरी गेली. अख्खी बदलावी लागेल."

"खोटं," मी म्हटलं.

तो हसला. उमरग्यात एक बाई बॅटऱ्या दुरुस्त करते याचंच त्याला आधी हसू येत होतं.

ऑटो स्टँडवरच्या मामांचा. तीस वर्षं डिझेलचा चालवून म्हातारपणी त्यांनी इलेक्ट्रिक घेतला होता. नवी बॅटरी घ्यायची तर ऑटोच विकावा लागणार, हे मला दिसत होतं.

मी बॅटरीचं सील तोडलं. एकेक सेल मोजला, सगळे ठणठणीत. मुकी झाली होती ती सेलवर नजर ठेवणारी चिप. सेलची हालहवाल ती दोन तारांवरून ऑटो चालवणाऱ्या मोठ्या सर्किट कार्डाला कळवते. ती गप्प बसली की कार्ड मोटार बंद करतं. मीटर लावला तर निरोपाची तार शून्यावर. चिपनं ती धरून ठेवली होती, सोडायला तयार नव्हती. सेलकडून येणारी पिन काढून पुन्हा लावली, तर चिपबाई बोलायला लागल्या!

"चार दिवसांत परत बंद पडेल," कंपनीचा माणूस जाताना म्हणाला. मेल्याचं तेवढं खरं ठरलं, तेही दोनदा.

तिसऱ्या वेळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि मामांच्या ऑटोत जाऊन बसले. स्टँडकडचा उतार लागला आणि मामांनी चावी बंद केली. ऑटो नुसताच घरंगळत निघाला. खाली पोचल्यावर चावी चालू.

"हे काय, मामा?"

"उतारावर कशाला जाळायचं, माय? म्या डिझेलला बी असंच केलं. लई वाचतं."

मी कपाळावर हात मारला. चावी बंद झाली की कार्ड झोपतं, पण चिप सेलवर जगते, ती जागीच राहते. नेमकं बोलणं मधेच तुटलं, तर ती समोरच्यानं फोन ठेवला तरी कानाला लावून बसलेल्या माणसासारखी ताटकळते. कार्ड जागं होतं, तार अडलेली बघतं आणि हात टेकतं. एवढ्यासाठी बॅटरी भंगारात?

"उतारावर चावी बंद करू नका," मी बजावलं.

"न्हाय जमायचं. त्या एवढ्याशा चिपच्या भ्यानं उतार सोडू व्हय?"

आधी चिडले. मग वाटलं, का सोडावा? तीस वर्षांच्या हातानं चिपपुढं का वाकावं? मी नखाएवढं एक कार्ड जोडलं. चावी फिरली की ते आधी दोनपैकी दुसऱ्या तारेवर विजेचे नऊ ठोके देतं. चिप आपलं अर्धं राहिलेलं बोलणं पुरं करून तार सोडते. मगच मोठं कार्ड जागं होतं.

महिनाभर ऑटो एकदाही अडला नाही. मग कंपनीचा माणूस आला आणि तुटलेलं सील बघून म्हणाला, "आता हिची जबाबदारी आमची नाही."

"होती कधी?" मी विचारलं.

मामा म्हणाले, "बसा सायेब, स्टँडवर सोडतो." मीही चढले. हे मला चुकवायचं नव्हतं.

उताराला लागताच मामांनी त्याला दिसेल अशी चावी बंद केली. खाली पोचल्यावर फिरवली. दिवा लागला, मोटार ओढू लागली. मामांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मेलेल्या बॅटरीवर बसलाव, सायेब. नीट धरून बसा."