तपासणीच्या खोलीतले चुकलेले अंदाज

एचआयव्हीच्या तपासणी केंद्रात समुपदेशक म्हणून बसलं की किस्से न मागता साठत जातात. खरी नावं सांगता येत नाहीत, म्हणून इथली सगळी बदललीत. बारा वर्षं पिंपरीत हेच करतेय, पण समोरच्या तरुण पोराकडे बघून याचं काय निघेल, हे मला अजून एकदाही धड ओळखता आलेलं नाही!

* * *

रोहिणीला लागण जन्मापासूनची, आईकडून आलेली. ती बारा वर्षांची झाल्यावर मीच तिला आजाराचं नाव सांगितलं. रडेल म्हणून रुमाल काढून ठेवला होता. तिनं विचारलं, "माझ्याशी कोणी लग्न करेल का?"

"करेल की!" मी म्हणून बसले. नंतर कितीतरी दिवस माझ्याच उत्तराची मला धास्ती वाटत होती.

* * *

चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला असलेला प्रवीण आला. रिपोर्ट निगेटिव्ह. खूश होऊन म्हणाला, "मग आमच्या रूमचे चौघंही ओके! आम्ही सगळे एकदमच तसल्या वस्तीत गेलो होतो, मॅडम. लॉटमधला एक पीस चेक केला की झालं."

"अरे बाबा, माणसांत सॅम्पलिंग चालत नाही!"

बाकीचे तिघे शनिवारी आले. थरथरत होता तो निगेटिव्ह निघाला. "टेन्शन घेऊ नका, मॅडम," असं मलाच समजावत होता तो पॉझिटिव्ह! 

* * *

पिंपळे सौदागरची आयटीतली जोडी. "पत्रिका नको, आधी रिपोर्ट!" मला फार कौतुक वाटलं. दोघंही निगेटिव्ह. आता पेढे येणार म्हणून बसले, तर दोघं जिन्यात भांडताना दिसले. लग्नानंतर त्याला हडपसरला राहायचं होतं, तिला नाही. ट्रॅफिकवरून लग्न मोडलं!

* * *

आळंदीजवळच्या कॉलेजात भाषण दिलं. प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमध्ये एक निघाली: "मॅडम, तुम्ही स्वतः कधी तपासणी केलीत का?" वर्ग हसला. मी नाही हसले, कारण केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी स्कार्फ बांधून माझ्याच खोलीबाहेरच्या बाकावर बसले. लॅबमधले शेखभाई म्हणाले, "मॅडम, आत या ना!"

"आज नंबर लावून बसू द्या," म्हटलं. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. का, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

रोहिणी आता वीस वर्षांची आहे, एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिथंच काम करणाऱ्या सागरशी लग्न करायचं, पण सगळं सांगूनच, असं तिनं ठरवलं. "गेला तर गेला," म्हणाली आणि रडायला लागली.

तिच्याच सांगण्यावरून दोघांना समोर बसवलं. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तिचा आहे तसा दबलेला राहिला तर नवऱ्याला लागण होत नाही, मुलंही निरोगी होऊ शकतात, सगळं सांगितलं.  सागर उठला आणि बाहेर गेला.

अर्धा तास झाला. "गेला, मॅडम," रोहिणी म्हणाली. मी रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला.

तेवढ्यात सागर घामाघूम होऊन आत आला. खिडकीवर केवढी रांग होती म्हणून कुरकुरत त्यानं टेबलावर केसपेपर ठेवला. त्यावर त्याचंच नाव होतं.

"माझंही रक्त घ्या, मॅडम. तिनं तिचं सांगितलं. माझं तर मलाच माहीत नाही!"