बंद पडलेल्या विमान कंपनीचे हाजी

जेद्दाच्या विमानतळावर मी बरीच वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये होतो. विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत जमिनीवर त्याचं जे काही करावं लागतं, ते आमचं काम. शिडी लावायची, सामान चढवायचं, इंधनाची गाडी बोलवायची, वजनाचा मेळ बसवायचा. हजच्या दिवसांत आम्हाला हज टर्मिनलवर पाठवत. तंबूसारख्या उंच पांढऱ्या छताखाली जगभरातले हाजी बसलेले असत, आणि एरवी ज्यांचं नावही ऐकलेलं नसतं अशा कंपन्यांची विमानं तिथे येत. त्यातली रशियातली एक छोटी कंपनी सलग काही हंगाम माझ्या वाट्याला आली.

कंपनीचा जेद्दातला माणूस पन्नाशी ओलांडलेला तातार, म्हणजे रशियातल्या एका मुस्लिम जमातीतला होता. उंच, किंचित वाकलेला, बोलण्यात सावकाश. तो मला ‘ब्रात’ म्हणायचा, म्हणजे भाऊ. मी त्याला आमच्या कोकणातल्यासारखं ‘भाई’ म्हणायचो. मोडकं इंग्रजी आणि त्याहून मोडकं अरबी यावर आमचं छान भागायचं. एका शुक्रवारी मी त्याला अल अझीझिया भागातल्या आमच्या घरी जेवायला नेलं. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण केलं होतं. तो घाम पुसत जेवला, पण भाकरी मागून घेतली.

“तुमच्याकडे मासे नाहीत काय?” बायकोने विचारलं. माझ्या मुलीने ते इंग्रजीत करून सांगितलं.

“आहेत. पण बर्फाखाली,” तो म्हणाला, आणि मग त्या दुपारी आपल्या कंपनीची सगळी कथा सांगत बसला.

सोव्हिएत राज्य मोडलं तेव्हा सरकारी विमानसेवेचेही तुकडे पडले. ज्या विमानतळावर जी विमानं उभी होती, ती तिथल्या लोकांनी चालवायला घेतली. यांच्याकडे शेपटीशी तीन इंजिनं असलेली काही मोठी विमानं आली, आणि एकावर एक दोन पंखांची छोटी विमानं. नदीकाठच्या गावांना हिवाळ्यात रस्ताच नसायचा. मग छोट्या विमानांना चाकांऐवजी घसरत्या लांब पट्ट्या लावायच्या आणि बर्फावर उतरायचं. जाताना पीठ, टपाल, औषधं न्यायची. येताना आजारी माणसं आणि दिवस भरत आलेल्या बायका आणायच्या. मोठी विमानं उन्हाळ्यात लोकांना समुद्रावर नेत आणि हजला इकडे येत. “हजची विमानं गावांच्या विमानांना पोसतात,” तो म्हणाला.

तो स्वतः त्या विमानांत नॅव्हिगेटर होता, म्हणजे नकाशा घेऊन वैमानिकाला वाट सांगणारा. पुढे यंत्रंच वाट सांगू लागली आणि त्याची जागा रद्द झाली.

“मग काय केलंत, भाई?”

“जमिनीवर उतरलो. इथेही काम असतं.”

हे उत्तर मी जरा लक्ष देऊन ऐकलं. कारण परदेशी माणसांच्या जागी सौदी नेमायची, सौदीकरणाची वर्षं होती, आणि माझ्या खुर्चीवर बसायला एक सौदी तरुण माझ्याच हाताखाली शिकायला आला होता. बुरैदा शहराचा होता, वडिलांची खजुराची बाग होती. सकाळी हमखास उशिरा यायचा, पण एकदा सांगितलेलं विसरायचा नाही. मला ‘उस्ताद’ म्हणायचा. मीही त्याला नीट शिकवत होतो, काही हातचं न राखता. मात्र संध्याकाळी घरी आल्यावर बायको विचारायची, “पुढच्या वर्षी पोरीची शाळा इथंच ना?” तेव्हा मी ‘बघू’ म्हणून पोरीची वही तपासायला घ्यायचो.

त्या वर्षीचा हज पार पडला आणि परतीची विमानं सुरू झाली. रशियन कंपनीची एक खेप तेवढी उरली होती. तिचे हाजी सकाळीच सामान आणि मक्केतल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्याचे डबे घेऊन छताखाली येऊन बसले. दुपारपर्यंत विमान आलं नाही. मग भाई फोन हातात धरून माझ्या टेबलाशी आला. चेहरा उतरलेला होता.

“ब्रात, विमान येणार नाही. आमचा परवाना काढून घेतला. कंपनी आजपासून नाही.”

काही वेळाने आमच्याही ऑफिसातून निरोप आला की त्या कंपनीचं काउंटर बंद करा. नियमाने भाईचं काम तिथेच संपलं होतं. त्याने गळ्यातलं ओळखपत्र काढून खिशात ठेवलं आणि तो तडक हाजींकडे गेला. मी आणि बुरैदाचा तरुण त्याच्या मागे.

बहुतेक हाजी म्हातारे होते. बायकांच्या डोक्यांना पांढरे रुमाल. भाई सामानाच्या गाडीवर चढला आणि त्यांच्या भाषेत खरं ते सांगून टाकलं. गलका झाला. एक माणूस तावातावाने पुढे आला. तेवढ्यात मागून एक ठेंगणी म्हातारी उठली आणि काहीतरी बोलली, तसे सगळे शांत झाले.

“काय म्हणाली ती?” मी नंतर विचारलं.

भाईने डोळे पुसले. “म्हणाली, माझी मुलगी अडली होती तेव्हा बाहेर वादळ होतं. तरी हा माणूस विमान घेऊन आमच्या गावात उतरला. आता तर इथे ऊन आहे.”

त्यानंतर तो फोनवरच होता. रशियातल्याच शेजारच्या प्रांतातल्या एका कंपनीत त्याचा जुना वैमानिक दोस्त होता. ती कंपनी आपले हाजी पोचवून झाल्यावर एक विमान पाठवायला तयार झाली. पण त्या गर्दीत विमान उतरवायला वेळ नेमून मिळणं, म्हणजे स्लॉट मिळणं, हे मोठं कठीण. स्लॉट देणाऱ्या ऑफिसात मी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो. परदेशी माणसाने अदबीने विचारायचं, ‘बुकरा’ म्हणजे उद्या असं ऐकायचं आणि परत फिरायचं, ही आमची रीत.

“उस्ताद, मी येतो,” बुरैदाचा तरुण म्हणाला.

तिथल्या साहेबाने मान वर न करताच सांगितलं, “ती कंपनी बंद झाली. खलास.”

“कंपनी खलास झाली, काका,” तरुण म्हणाला. “पण हाजी अल्लाहचे पाहुणे आहेत ना? विमान आलं नाही म्हणून ते पाहुणे राहिले नाहीत का? माझ्या आजीच्या वयाच्या बाया लादीवर बसल्यात. तुम्ही चला, त्यांना तुम्हीच सांगा खलास.”

साहेबाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. कुणाचा मुलगा, कुठला, वगैरे विचारलं. कहवा मागवला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा स्लॉट मिळाला होता, आणि विमान येईपर्यंत हाजींना विश्रांतीच्या दालनात ठेवायची परवानगीही. बाहेर आल्यावर मी त्याची पाठ थोपटली.

“हे मला कधी जमलं नसतं.”

“पण विमान आल्यावर काय करायचं, ते तुम्हीच सांगायचं आहे, उस्ताद,” तो हसत म्हणाला.

विमान येईपर्यंतचे दिवस त्या दालनात वेगळेच गेले. तरुणाच्या चुलतभावांनी भाताच्या पराती आणल्या, बुरैदाहून खजुराचे खोके आले. माझ्या बायकोने शेजारणींना घेऊन भाकऱ्या थापल्या. मुलगी त्या म्हाताऱ्यांत बसून त्यांच्या भाषेतले आकडे शिकली. भाई कुणाची औषधं आण, कुणाच्या मुलाला फोन लाव असा फिरत होता.

आलेलं विमान लहान निघालं. उन्हात एवढं वजन घेऊन ते उडालं नसतं, म्हणून काही सामान मागे ठेवणं भाग होतं. मी तरुणाला जवळ बसवलं आणि वजनाचा सगळा मेळ त्यालाच बसवायला दिला. त्याने झमझमचे डबे एकही न उतरवता मोठ्या बॅगा मागे ठेवल्या. त्या नंतर दुसऱ्या विमानाने गेल्या. भाई सगळ्यात शेवटी शिडी चढला, साधा प्रवासी म्हणून. वर जाऊन वळला आणि हात हलवला.

त्याच वर्षी माझी खुर्ची तरुणाकडे गेली. मुलीची परीक्षा होईपर्यंत मला ठेवून घ्यावं म्हणून तोच वरिष्ठांशी बोलला, आणि तेवढे महिने मिळाले. आम्ही कायमचे भारतात परत निघालो त्या दिवशी तो वेळेआधी हजर होता. आमचं सामान त्याने स्वतः सरकत्या पट्ट्यावर ठेवलं आणि बायकोला म्हणाला, “माझ्यासाठी दुआ करा, खाला.”

भाईचा फोन अजून येतो. मोठी विमानं भंगारात गेली, पण गावांची छोटी विमानं एका नव्या कंपनीने घेतली. पहिल्या हिवाळ्यात बर्फावरच्या खुणा ओळखायला तरुण वैमानिकांना जुना माणूस हवा होता, तेव्हा त्यांनी त्यालाच बोलावलं.

मी आता पनवेलला एका संस्थेत शिकवतो. आमच्या जिल्ह्यात नवा विमानतळ झाला आणि उरण, पेण, अलिबागकडची मुलं-मुली या कामाला यायला लागली. परवा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, वजन जास्त झालं तर आधी काय उतरवायचं?”

मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, “आधी विमानात कोण बसलंय ते बघायचं.” मग फळ्यावर विमान काढायला घेतलं.