स्कूटरची बहीण

आमच्या यजमानांची एक सवय होती. जुनी गाडी दुरुस्तीला घेतली की आधी तिची चौकशी करायची, मगच पान्याला हात लावायचा. गाडी कुठे पडली, कोणी चालवली, हे कळल्याशिवाय ती नीट होत नाही असं त्यांचं म्हणणं. अमरावतीला घराला लागूनच त्यांचं दुकान होतं. मी आतून सगळं ऐकत असे, पण दुकानात कधी जात नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन काही वर्षं झाली होती. अकोल्याच्या लिलावातून त्यांनी पोलिसांची एक जुनी स्कूटर आणली. निळा रंग खरवडला तेव्हा पुढच्या भागाला खाली खाकी निघाला आणि मागच्या भागाला पांढरा. ते दोन दिवस नुसते बसून बघत राहिले. "अकोल्याच्या हवालदाराले इचारल्याशिवाय उलगडा नाही व्हत," म्हणाले.

खाकी रंगाचं ऐकलं आणि मला माझा भाऊ आठवला. माझा एकुलता एक भाऊ पोलिसात होता. सरकारी स्कूटरवर तो अकोटहून अकोल्याला टपाल न्यायचा. मुदतीच्या तापानं गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. राखीपौर्णिमेनंतर आठ दिवसांनीच गेला.

त्या साली मी लुगड्याच्या किनारीचा पिवळा धागा काढून राखी केली आणि पाकिटावर स्वतःच पत्ता लिहिला, अकोट ठाण्याचा. पण त्याची बदली होऊन तो अकोल्याला गेला होता. बदलीचं कार्ड सासऱ्यांच्या नावानं आलं होतं. ते वाचून त्यांनी पत्रांच्या तारेला अडकवलं आणि मला एवढंच सांगितलं, तुझा भाऊ खुशाल आहे. मला वाचता येत होतं. तारेवरचं कार्ड काढून वाचायची हिंमत नव्हती. तो गेल्यावर मी ते वाचलं. बहीण विसरली असं मनात घेऊन तो गेला असेल का, हे तेव्हापासून माझ्याजवळ होतं. कोणाला सांगितलं नव्हतं.

"मीबी येतो अकोल्याले," मी म्हटलं.

यजमान बघतच राहिले. "तू? पाव्हणे आले तं तू दाराआडून पाणी सरकवतं!"

हवालदार आता पेन्शनीत होते. पूर्वी पोलीस लाइनीतल्या गाड्या त्यांच्या ताब्यात असत. बाहेरच्या खोलीत दोघं बसले. मी आतल्या दाराच्या चौकटीशी.

"दोन रंग काहून निघाले मंग, हवालदारसाहेब?"

"दोन गाड्यायची एक केली, म्हणून! एकीचं मागचं गेलं, दुसरीचं पुढचं गेलं. आमी जोडून टाकली. तुमी का नवी नवरी समजून घेतली का काय?" ते हसले. "पुढचं हाये थे अकोटच्या टपालवाल्याच्या गाडीचं. बदलीवर अकोल्याले आला तं गाडीबी संगं आणली त्यानं. मोठा गुणी पोरगा. वर्दीवर राखी चालत नाही, तं त्यानं बहिणीची राखी हँडलच्या झाकणात बांधली. आमी त्याले म्हणू, 'काबे, तुह्या स्कूटरलेबी बहीण हाये का?'"

मी चौकट धरली. आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही.

"शेवटच्या सालची पोचली होती का?"

दोघांनीही वळून दाराकडे पाहिलं.

"थे नाही सांगता येत, बाई," हवालदार हळू म्हणाले. "मी तवा रजेवर होतो."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेलं. मग मी यजमानांना सगळं सांगितलं. पत्ता, कार्ड, तार. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मले इचारलं असतं तं मी पत्ता काढून देल्ला असता."

ते खरंच होतं. विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. हँडलचं झाकण उघडलं. क्लचच्या तारेला एकच धागा बांधलेला होता, ग्रीसनं काळा झालेला. मी तो घासलेटात धुतला. पिवळा निघावा म्हणून मी देवाचं नाव घेत होते. लाल निघाला. आदल्या वर्षीची राखी होती ती, बाजारातून आणलेली.

पोचली असती तर तीही तिथंच असती; पिवळी पोचली नाही. आता ते नक्की कळलं.

पण लाल त्यानं सोडलीही नव्हती. बदली झाली, दुसरी पौर्णिमा आली, ती कोरडी गेली, तरी गाठ तशीच होती.

"ठेवून घेतं का?" यजमानांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली आणि धागा त्याच तारेला परत बांधला. त्यांनी झाकण लावलं, वरून रंग दिला. स्कूटर नांदगाव खंडेश्वरच्या एका मास्तरांनी नेली. धाग्याचं त्यांना कोणी सांगितलं नाही.

अजूनही रस्त्यानं स्कूटर गेली की मी दाराशी येते. त्या स्कूटरमध्ये काय आहे ते मला आणि यजमानांनाच माहीत होतं. आता यजमानही नाहीत.